मापाचा मान

नानांनी माईक हातात घेतला, दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली आणि तोंड उघडलं. लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. माईकवाल्याने धावत येऊन वायर हलवून बघितली, स्वतः "हॅलो" म्हणाला, आणि त्याचा हॅलो ओढ्यापलीकडे जाऊन परत आला. वायर धड होती. मग नानांनी गळ्याला हात लावला, मान डावीकडे-उजवीकडे हलवली आणि मांडवातल्या सगळ्यांना कळलं की पुकारेनानांचा आवाज बसला. तोही घरच्या लग्नात.

लग्न माझं होतं.

मी हे सगळं शाळेच्या दुसरीच्या वर्गातून, खिडकीच्या गजांतून बघत होते. मांडव शाळेच्या पटांगणात होता आणि नवरीची खोली म्हणून आम्हाला दुसरीचा वर्ग मिळाला होता. फळ्यावर कुणीतरी काढलेला बेडूक तसाच होता. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा आणि समोर बेडूक, अशी मी बसले होते. तेवढ्यात आई आत आली.

"तुझ्या नानांचा आवाज बसला," ती म्हणाली. दूध तापलं, उतरवून ठेवलं, असं सांगावं तसं म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

"काढा दे की."

"दिला. सकाळधरनं दोनदा दिला."

आता पुकारा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी माईकवरून मानकऱ्यांना एकेक करून मंचावर बोलावतात, फेटा बांधतात, हातात नारळ देतात. त्यात कुणाला आधी, कुणाला मागून, कुणाच्या नावापुढं काय लावायचं, याच्यावर माणसं वर्षवर्ष बोलत नाहीत एकमेकांशी. नानांचं कपडे शिवायचं दुकान होतं, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते पुकाऱ्यासाठी. तीस वर्षांत त्यांच्या पुकाऱ्यावर एकही माणूस रुसून गेला नव्हता.

"मान अंगाला बसला पाहिजे, शाले," ते मशीन चालवता चालवता सांगत. "सैल झाला तर लोक हसत्यात, आवळ झाला तर काखंत उसवतो."

त्यांचं माप ठरलेलं होतं. खुर्चीवर असेल तो सन्माननीय. खुर्ची गेली की आदरणीय. खुर्ची मिळाली नाही पण आशा आहे, तो धडाडीचा. आशाही सुटली की ज्येष्ठ. ज्याचं घरात कुणी ऐकत नाही तो मार्गदर्शक. आणि शाळेला एकदा पंखा दिला तो दानशूर. पंखा बंद पडून सात वर्षं झाली तरी त्याचं दानशूरपण चालू होतं, कारण माईकवरून दिलेला मान परत घेता येत नाही. कापलेलं कापड ते.

आणखी एक नियम होता. घरच्या माणसाला विशेषण लावायचं नाही. "ते आपलंच माप आपण घेतल्यागत हुतं," नाना म्हणत. "टेप वाकडीच लागती."

हे सगळं एका वहीत होतं, आणि ती वही जगात दोघांनाच वाचता यायची. नानांनी शिवणकामाच्या खुणा केल्या होत्या: सन्माननीयला फुली, आदरणीयला गोल, ज्येष्ठाला काज, मार्गदर्शकाला बटण. त्यांना जवळचं कमी दिसायला लागल्यापासून मी माईकच्या मागे पाटावर बसून नाव आणि विशेषण हळूच सांगायची, आणि ते ते गावभर करायचे. मी तेव्हा दहा वर्षांची. पुढं बारा-तेरा वर्षं तेच चाललं होतं.

"हेडमास्तरांना सांगा की," मी आईला म्हटलं.

"सांगितलं. वही बघून म्हणाले, यात तर नुसती बटणं काढलीत."

"मग?"

आईनं वही माझ्या मांडीवर ठेवली.

"आई, मी नवरी आहे."

"मग? मुंडावळ्या कपाळाला बांधल्यात. तोंडाला न्हाईत."

मी शेवटचं पान उघडलं. बोरवाडीकर मंडळी, म्हणजे माझं होणारं सासर, घोलपांचं घर. पानावर दोन नावं होती. एक वर, एक खाली. ती खोडून खालचं वर, वरचं खाली. तीही खोडलेली. असं आठ वेळा. नवव्या वेळी पेन्सिल पानाच्या आरपार गेली होती आणि भोकातून मागच्या पानावरचं एक बटण दिसत होतं.

ती दोन नावं म्हणजे माझे दोन चुलतसासरे. थोरले रंगरावतात्या: धिप्पाड, शेतीत राबलेले, घोलपांच्या भावकीत वयानं सगळ्यात मोठे. धाकटे हिंदुराव: बोरवाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन, त्यामुळे त्यांना बायकोसुद्धा चेअरमनच म्हणायची. मधले भाऊ म्हणजे माझे सासरे. ते माझे मालक तीन वर्षांचे असतानाच वारले होते. या दोघांनी मिळून पुतण्याला वाढवलं, शिकवलं. जमीन एकत्र, चूल एकत्र, गोठा एकत्र. फक्त माईकवर दोघांचं जमत नव्हतं.

भावकीतल्या मागच्या लग्नात चेअरमनना आधी पुकारलं, तर तात्या भरल्या पानावरून उठले. त्याच्या मागच्या लग्नात तात्यांना आधी पुकारलं, तर चेअरमन ट्रॅक्टर घेऊन निघून गेले. बँडवाले त्यांच्याच ट्रॅक्टरमधून आले होते. ती वरात नुसत्या टाळ्यांवर निघाली.

लग्नाआधी पंधरा दिवस तात्या आमच्या दुकानात शर्ट शिवायला आले होते. बोरवाडीत तीन टेलर असताना.

"पाव्हणं," हात वर करून माप देता देता ते म्हणाले, "आमी काय मानाचं भुकेलं न्हाई. पण थोरला कोन आन धाकला कोन, एवढं तुमाला ठावं असंल. न्हाईतर आता चूलच येगळी मांडायची म्हन्तो. एकदाच काय ती कटकट जाईल."

चार दिवसांनी चेअरमन सफारी शिवायला आले.

"मला त्या फेट्याबिट्यात काही इंटरेस्ट नाही, नाना," ते म्हणाले. "पण पदाचा मान असतो. तो माझा नसतो, संस्थेचा असतो. आणि तो राहणार नसंल, तर मग एकत्र राहण्यात तरी काय अर्थ आहे?"

नानांनी दोघांची मापं लिहून घेतली. रंगराव, छाती बेचाळीस. हिंदुराव, छाती बेचाळीस.

म्हणजे एक जण उठला असता, तर तो नुसता मांडवातून उठला नसता. घरातून उठला असता. लग्न लागलं असतं, पण मी माप ओलांडून आत गेल्या गेल्या त्या घरात दुसरी चूल पेटली असती आणि बोरवाडी जन्मभर म्हणाली असती, शालन आली त्या दिवशी घोलपांचं घर फुटलं.

मी वही मिटली. चुडा कोपरापर्यंत सारला आणि बाहेर आले.

वैशाखाचं ऊन, आणि नानांच्या गळ्यात मफलर. त्यांनी माईक माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मांडवात एकदम कुजबूज उठली.

"नवरी माईकवर?" डाव्या बाजूच्या पहिल्या खुर्चीवरून चेअरमन म्हणाले. "ही काय पद्धत?"

"बरोबर हाय," उजव्या बाजूच्या पहिल्या खुर्चीवरून तात्या म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं बोरवाडीकरांनी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

मंचावरच्या खुर्चीत नवरदेव बसले होते. त्यांचं नाव जालिंदर. आता घेते मी नाव. तेव्हा घेत नव्हते. त्यांनी तोंडासमोरची फुलांची माळ दोन बोटांनी बाजूला केली.

"बोलू द्या की त्यांना," ते म्हणाले. "पुढं आपल्याच घरात बोलणार हायत. सवय हुईल."

बायकांच्या बाजूला हसू फुटलं, आणि मी सुरू केलं.

आमच्या गावाचा भाग मला पाठ होता. "आपल्या गावचे सन्माननीय सरपंच गणपतराव यांनी मंचावर यावं." फुली. "आदरणीय यशवंतराव, माजी सरपंच." गोल. धडाडीचे युवा नेते पोपटराव आले. त्यांचं वय त्रेपन्न होतं, पण ते वहीत लिहिलेलं नव्हतं. दानशूर आले. दोन मार्गदर्शक आले. नाना मुकाट्यानं फेटे बांधत होते, आई ताटातले नारळ पुढं करत होती. सगळं मापात चाललं होतं. बोलताना मला एकदम वाटलं, इतकी वर्षं हेच शब्द मी पाटावर बसून कुजबुजत होते. आज ते झाडावर चढलेत एवढंच.

मग आमची मंडळी संपली.

मी वर बघितलं. तात्यांच्या पायात वहाणा तशाच होत्या. चेअरमननी बुटाच्या नाड्या सोडल्या नव्हत्या. मांडवात सगळी जाजमं, सगळे अनवाणी, आणि हे दोघेच पायताण घालून, एक पाय पुढं काढून बसलेले. कोणतंही नाव आधी घेतलं असतं, तरी दुसऱ्या बाजूची पायताणं करकर वाजत निघणार होती.

"आता..." मी म्हटलं, आणि थांबले.

भोंग्यातून माझा श्वास ऐकू यायला लागला. गावभर. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनीसुद्धा तो ऐकला, असं पुढं मला त्यांनीच सांगितलं.

मी नानांकडे बघितलं. नाना भोंग्याकडे बघत होते. आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मांडवाच्या कडेला, पाण्याच्या रांजणाकडे बघत होती.

रांजणाशेजारी गोणपाटावर पाय पसरून एक म्हातारी बसली होती. गार लागतं म्हणून तिथं बसलेली. खुर्ची नाही, गादी नाही, मांडीवर सुपारीची चंची. या दोघांची आई, भागीरथीआजी. माझी आजेसासू.

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. तात्यांनी विचारलं, भाकरी येती का. चेअरमननी विचारलं, शिक्षण किती. मग आजींनी विचारलं, "दळताना काय म्हणतीस?"

"आता गिरणी आहे, आजी."

"मग गिरणी काय म्हणती?"

सगळे हसले. मी खाली बघून आईची एक ओवी म्हटली. आई हळद कांडताना म्हणायची ती.

पयलं गं नाव घेते, ज्या कुशीत झोप झाली,
मागून येऊ द्या गं, गाद्या-गिरद्या आणि शाली.

आजींनी सुपारीचं खांड ओठांत धरून ऐकलं. अडकित्ता मिटला आणि म्हणाल्या, "घ्या ही पोरगी." तात्या आणि चेअरमन एकमेकांकडे बघत राहिले, कारण त्यांचे आणखी प्रश्न राहिले होते.

ते सगळं मला त्या एका श्वासात आठवलं. माझ्या हातातली वही मी उघडली नाही. उघडून उपयोग नव्हता. नानांच्या वहीत बायकांसाठी खूणच नव्हती. काज नाही, बटण नाही, काही नाही.

"आता बोरवाडीकर मंडळींतला पहिला मान," मी म्हटलं.

दोन्ही बाजूंचे दोन पाय हलले.

"ज्यांचा पदर धरून घोलपांचं घर चालायला शिकलं, त्या भागीरथीबाई रामजी घोलप. त्या तिकडं रांजणापाशी बसल्यात. त्यांना एकटीनं चालवत नाही. तरी त्यांच्या दोन्ही मुलांनी, एकानं एका बाजूनं, एकानं दुसऱ्या बाजूनं हात धरून, त्यांना मंचावर आणावं."

आणि मग मला कसं सुचलं माहीत नाही. ती ओवी आईची नव्हती, कुणाचीच नव्हती, तिथंच आली.

"एका बुंध्याला फांद्या दोन, कोण पुढं, कोण मागं,
बुंधा उठून उभा राह्यला, सावली चालली संगं."

आधी काहीच झालं नाही. मग तात्या उठले. त्याच क्षणी चेअरमनही उठले, कारण तात्या उठले होते. दोघे दोन बाजूंनी रांजणापाशी पोचले आणि दोघांनीही आईच्या उजव्या हाताला हात घातला.

"आरं," आजी म्हणाल्या, "एकाच अंगाला दोघं लागला तर मी पडंन की. रंग्या, तू हिकडं. हिंद्या, तू तिकडं."

चेअरमनना हिंद्या म्हणणारं कुणी जगात आहे, हे आमच्या गावाला त्या दिवशी कळलं.

तिघं चालायला लागली. आजींची चाल मुंगीची. त्या दोघांना मोठमोठी पावलं टाकायची सवय, पण आता आईच्या पावलात पाऊल. वाटेत आजी मधेच थांबून कुणाला तरी विचारायच्या, "तू कुणाची गं?" आणि उत्तर मिळेपर्यंत तात्या आणि चेअरमन दोन्ही बाजूंना उभे. मंचाची पायरी आली तेव्हा पायातलं काढणं भाग होतं. तात्यांनी वहाणा झटकन काढल्या. चेअरमननी बूट काढायला वाकायचं म्हटल्यावर आईचा हात सोडावा लागला. सगळा भार तात्यांवर आला.

"चल आता," आजी म्हणाल्या.

"थांब जरा," तात्या म्हणाले. "हिंदूचं हुंदे."

चेअरमननी वाकल्या वाकल्या वर बघितलं. नाडीची गाठ सुटायला मग जरा जास्तच वेळ लागला.

मंचावर आल्यावर आजी माईकसमोरच उभ्या राहिल्या. त्यांना ते काय आहे ते माहीत होतं, पण त्याच्याशी इतक्या जवळून बोलायचं नसतं हे माहीत नव्हतं.

"ह्या भोंग्यातनं कुणाकुणाची नावं आईकली गं बाई," त्यांचा आवाज लिंबाच्या झाडावरून सगळीकडे गेला. "माझं आजच आईकलं. मला वाटलं, इसारली मंडळी." मग त्यांनी दोघांकडे बघितलं. "ह्यो थोरला. बैलाला भ्यायाचा. ह्यो धाकला, चेरमन. रोज चरवी सांडायचा दुधाची. दोघांची बी नाकं म्याच पुसल्यात."

मांडव हसला, तो थांबेना. तात्या हसत होते. चेअरमन आधी हसले नाहीत, मग खाली बघून हसले.

आता पंचाईत फेट्यांची. ताटात दोनच फेटे उरले होते. एक केशरी, एक गुलाबी. नानांनी ते तात्यांना आणि चेअरमनना म्हणून ठेवलेले. लांबीही मोजून सारखी. मोजताना दुसरं टोक मीच धरलं होतं. नाना एक फेटा उचलून तात्यांच्या डोक्याशी नेणार, तोच आजी म्हणाल्या, "आन मला? मग बोलावलं कशापायी?"

नानांचा हात हवेत राहिला.

"माझा बांधा आईला," तात्या म्हणाले.

"नाही, माझा बांधा," चेअरमन म्हणाले.

"मी आधी म्हणलो."

"मी थोरला-धाकटा काही मानत नाही अशा वेळी."

झालं. भांडण परत सुरू. फक्त आता उलट्या दिशेनं. फेटा घ्यायचा नव्हता, द्यायचा होता, आणि कुणीच मागं सरेना. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती. भटजींनी घड्याळ दाखवलं.

"दोन्ही बांधा," आजी म्हणाल्या. "ऊन लय हाय."

नानांनी आजींच्या पदरावरूनच दोन्ही फेटे बांधले. केशरी आणि गुलाबी, पिळात पीळ घालून, एकात एक. असा फेटा त्यांनी कधी बांधला नव्हता आणि पुन्हा कधी बांधला नाही. आजींचं तोंड सुपारीएवढं आणि त्यावर तो डोंगर. त्या मला म्हणाल्या, "नवरे, मला कसं दिसतंय ते आता दिसंना. तूच सांग."

"बरं दिसतंय, आजी."

"मापात हाय?"

मी नानांकडे बघितलं. नाना खाली बघून मफलर सारखा करत होते.

बारा पस्तीसला अक्षता पडल्या. घोलपांच्या भावकीतलं पानावरून कुणी उठलं नाही असं ते बऱ्याच वर्षांतलं पहिलं लग्न. तात्यांनी चार वेळा बुंदी मागून घेतली. चेअरमन स्वतः वाढायला उभे राहिले आणि वाढताना दुसऱ्या पंगतीपर्यंत फेट्याशिवाय, बुटाशिवाय फिरत होते.

निरोपाच्या वेळी सगळ्या बायका रडून झाल्या, आई रडून झाली, मी रडून झाले. जीपमध्ये बसले. मग नाना आले. जीपच्या खिडकीशी वाकले.

"पदर आत घे," ते म्हणाले. "दारात अडकंल."

खणखणीत. घोगरा नाही, बसलेला नाही. रोज सकाळी ज्या आवाजात "शाले, दोरा ओव" म्हणायचे, तोच.

मी बघतच राहिले. "नाना, तुमचा आवाज."

"हळू."

"सकाळी बसला नव्हता?"

नानांनी इकडंतिकडं बघितलं. "आठ दिस वही घेऊन बसलो, शाले. दोघांची छाती बेचाळीस. कसं बी कापलं तरी एकाला आखूड पडत हुतं."

"म्हणून मला पुढं केलंत?"

"नवरीवर राग धरायचा म्हणजे माणूस दोनदा इचार करंल, असं वाटलं." मग म्हणाले, "भ्यालो. खोटं कशाला बोलू."

दिवसभर खोटं बोलून झाल्यावर हे म्हणाले.

"आणि आईचा काढा?"

"गुळाचा चहा हुता."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. "आणि आजींचं? ते तुमच्या मनात होतं?"

नानांनी खिडकीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"न्हाई," ते म्हणाले. "तीस वर्सं मापं घेतुया. पुढं बसल्याल्यांचीच घेतली."

मग त्यांनी जीपच्या टपावर दोनदा हात मारला आणि मागं सरले.

जीप निघाली. पुढं ड्रायव्हरशेजारी आजी, डोक्यावर तो डोंगर तसाच. मागं एका बाकावर तात्या आणि चेअरमन, गुडघ्याला गुडघा लावून. ते एका गाडीत कधी बसले होते, ते त्यांनाही आठवत नव्हतं. समोरच्या बाकावर मी आणि हे. शाळा मागं गेली, मारुतीचं देऊळ मागं गेलं, गावाची शेवटची चिंच मागं गेली. ओढ्यात उतरायला जीपनं वेग कमी केला, आणि मागून भोंगा बोलला.

"हॅलो."

एवढ्या लांबून आला तरी शब्द सुटा सुटा. चेअरमननी मान वळवली. "नानांचा आवाज सुटला की."

"सर्वांना कळविण्यात येत आहे," भोंगा म्हणाला, आणि थांबला.

नानांनी आयुष्यभर येणाऱ्यांना पुकारलं होतं. येणाऱ्यासाठी त्यांच्यापाशी शंभर शब्द होते. जाणाऱ्याला कुणी पुकारत नाही, त्यामुळे जाणाऱ्यासाठी वहीत काही नव्हतं. मला ते माहीत होतं. ती वही मीच धरलेली होती. मी ओढ्याच्या पाण्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना काय सांगावं ते शोधत होते, पाटावर बसून सांगायची तसं. काही सापडेना.

"आपल्या गावच्या..." भोंगा म्हणाला. पुन्हा थांबला. नुसती हवा आली, सकाळसारखी. ड्रायव्हरनं जीप ओढ्याच्या मधोमध उभी केली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"आमची शालन," भोंगा म्हणाला.

पुढं विशेषण नाही, मागं काही नाही. आम्ही वाट बघितली. पाणी चाकांना लागून वाजत होतं. भोंग्यातून एकदा खोकल्यासारखं काहीतरी आलं, मग कुणीतरी बटण बंद केल्याचा टक्क आवाज आला.

"परत बसला वाटतं," तात्या हळू आवाजात म्हणाले.

आजींनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण फेट्यामुळं वळेना. तशाच, पुढं बघत बोलल्या.

"परत कशाचा बसतुय. सकाळी रांजणावर पाणी प्याया आलं हुतं पाव्हणं. मला म्हणलं, आजी, सावलीला सरका. हे आसं, खणखणीत." त्यांनी चंची उघडली, चाचपून सुपारी काढली. "सकाळी बरा हुता. आत्ता बसला."

आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "चल बाबा. दिवे लागायच्या आत चुलीफुडं न्यायची हाय तिला."

चुलीपुढं. एकाच.